ओवीपासून आठवणींपर्यंत

जालना जिल्ह्यातील वाचकाच्या कानाला ओवी परकी नाही. समर्थ रामदास १६०८ साली इथल्याच जांब गावी जन्मले. ‘दासबोधा’ची पारायणे आम्ही शेजारच्या घरांतून ऐकत आलो. १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत हाती आले, तेव्हा म्हणूनच ते ओळखीचे वाटले. तरुणपणी आम्ही भाळलो तो मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांवर. अर्थापेक्षा नादावरच अधिक, म्हणा ना!

ही आवड पालटली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे (१९३४-३७). लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत, हे खरे. पण श्रद्धेची इतकी निर्भीड कहाणी मराठीत दुसरी आम्हांस ठाऊक नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा १९०० साली. मधली ताटातूट, सोवळ्याओवळ्याचा सुटत गेलेला पीळ, पतीचा संताप, घरातली ओढाताण, सारे त्या हसत सांगतात. आणि टिळकांची थोरवी तसूभरही उणावत नाही. आपल्याकडील भाविक चरित्रांत मात्र कोणी कधी रागावत नाही, कोणाच्या घरचे पीठ कधी संपत नाही. अशी पुस्तके आता आम्हांस दहा पानांपलीकडे वाचवत नाहीत.

‘क्रिस्तपुराण’ मात्र पुन्हा उघडले जाते. आता स्तुतीच्या ओव्या ओलांडून आम्ही तिथे जातो, जिथे शंका विचारणाऱ्या नवख्रिस्ती श्रोत्याला पाद्री न कंटाळता उत्तर देत बसला आहे.