प्रोग्रेसिव्ह रॉक आणि पुणं : बँडऐवजी नाटक



आजचा विषय ऐकून काहींनी विचारलं, की प्रोग्रेसिव्ह आणि सायकेडेलिक रॉकवर मराठीत तासभर बोलण्यासारखं आहे तरी काय? प्रश्न रास्त आहे. जगाचा नकाशा काढला तर इंग्लंडचे पिंक फ्लॉइड, किंग क्रिम्सन, येस, जर्मनीचा कॅन, इटलीचा प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, ब्राझीलचा ओस मुतांतेस अशी नावं भराभर येतात. त्यात मराठी नाव येत नाही. ही यादी आपल्याला कुठेही वाचायला मिळते, म्हणून ती आज वाचायची नाही. आपण एवढंच तपासू या की या नकाशावर पुणं का दिसत नाही, आणि ते तिथे खरंच नाही का.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. १९७०च्या दशकात प्रोग्रेसिव्ह रॉकवाले जे करू पाहत होते, त्यातलं पुष्कळसं काम पुण्यात त्याच वेळी चालू होतं. फक्त ते बँडने केलं नाही, नाटकाने केलं. आणि नाटकाने केलं म्हणून त्याचा फायदाही झाला, तोटाही झाला. फायद्याबद्दल आपल्याकडे खूप बोललं गेलंय. तोट्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी शब्द साफ करून घेऊ. सायकेडेलिक रॉक म्हणजे ढोबळमानाने १९६५ नंतरचं, ऐकणाऱ्याची जाणीव बदलू पाहणारं संगीत. गिटारचा विरूप केलेला नाद, उलट्या फिरवलेल्या टेप, सतार, लांबलेले आलाप. त्याच्या पोटातून प्रोग्रेसिव्ह आलं. त्याची तक्रार साधी होती: तीन मिनिटांच्या गाण्यात आमचं म्हणणं मावत नाही. मग गाणी लांबली, ताल बदलू लागले, अख्ख्या तबकडीला एक कथानक आलं. द हूचा 'टॉमी' १९६९चा. येसचं 'क्लोज टू द एज' १९७२चं. यात तबकडीची एक अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, चार भागांत, जवळपास १९ मिनिटं. पिंक फ्लॉइडचं 'द डार्क साइड ऑफ द मून' १९७३चं.

हे वारं आपल्याकडे आलंच नव्हतं, असं अजिबात नाही. १९७१ साली पुणे-लोणावळा मार्गावरच्या मळवलीला, कार्ला-भाज्याच्या डोंगरांजवळ, 'स्नेह यात्रा' नावाचा खुल्या मैदानातला संगीतमेळा झाला. वुडस्टॉकला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मुंबईत अॅटॉमिक फॉरेस्टसारखे बँड होते. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी पुढे २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने पुन्हा काढली आणि परदेशातले संग्राहक ती शोधायला लागले. म्हणजे वाद्यं होती, वाजवणारे होते, ऐकणारेही होते.

मग नव्हतं काय? भाषा नव्हती. त्या काळची देशातली सगळ्यांत गाजलेली बँडस्पर्धा म्हणजे एका सिगारेटच्या नावाने होणारी 'सिमला बीट'. तिच्या १९७० आणि १९७१च्या दोन तबकड्या आजही ऐकता येतात. पोरं मन लावून वाजवतात. पण गातात इंग्रजीत.

आता याच्या शेजारी तुर्कस्तान ठेवून बघा. तिथे १९६५ मध्ये 'हुर्रियत' या वर्तमानपत्राने 'सोनेरी मायक्रोफोन' नावाची स्पर्धा सुरू केली. अट एकच: वाद्यं पाश्चात्त्य चालतील, पण गाणं तुर्कीच पाहिजे, नवं करा किंवा लोकगीत घ्या. १९६७च्या स्पर्धेत जेम काराजाने एमराह या लोककवीची रचना गायली. आपल्याकडे कुणी स्पर्धेत इलेक्ट्रिक गिटार घेऊन तुकोबा म्हणावेत, तसं. त्यातून जेम काराजा, बारिश मांचो, एर्किन कोराय यांचं 'अनातोलियन रॉक' उभं राहिलं. ते आज कुणाची नक्कल वाटत नाही. सगळं श्रेय एका स्पर्धेच्या नियमाला देता येणार नाही, हे कबूल. पण कुठल्या भाषेत गायलं की टाळ्या पडतात, हे तरुण वादकाला फार लवकर कळतं. तुर्कस्तानात आणि आपल्याकडे त्याला वेगवेगळी उत्तरं मिळाली.

आता पुण्यात येऊ. १९७४ हे एक साल धरा.

त्या वर्षी थिएटर अॅकॅडमीने सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' रंगमंचावर आणलं. संगीत आनंद मोडकांचं. त्याच वर्षी रजनीश पुण्यात मुक्कामाला आले आणि कोरेगाव पार्कात आश्रम उभा राहिला. आणि त्याच वर्षी तिकडे मुंबईत अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा केला. त्यात ज्यूडासचं काम करणारा गायक होता नंदू भेंडे. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं वाटतं. आपण तो लावून पाहू.

'महानिर्वाण'मध्ये भाऊराव नावाचा मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो. कीर्तन म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. पण रचना म्हणून एकदा नव्याने बघू. नमन, पूर्वरंग, मध्ये नामघोष, मग उत्तररंग. मूळ पद पुन्हा पुन्हा येतं. मध्ये ओवी, साकी, दिंडी, कटाव. बोलणं केव्हा गाणं होतं आणि गाणं केव्हा पुन्हा बोलणं होतं, ते कळत नाही. ताल बदलतो, लय चढते, आणि शेवटी माणूस सुरुवातीच्या सुरावर परत येतो. 'क्लोज टू द एज'चं वर्णन करायला आपण याहून वेगळे शब्द कुठले वापरणार? इंग्लंडमधल्या मुलांना दीर्घ रचनेसाठी बंड करावं लागलं, कारण त्यांच्या हातात तीन मिनिटांचं गाणं होतं. आपल्याकडे दीर्घ रचना आजोबांच्या काळापासून देवळात होती. तिच्यासाठी बंड करण्याचं कारणच नव्हतं.

म्हणून पुण्यातलं बंड उलट्या दिशेने गेलं, आणि आमच्या मते आजचा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. प्रोग्रेसिव्ह रॉक खालून वर चढत होतं: पॉपला सिंफनीची प्रतिष्ठा हवी होती. मराठी रंगभूमीने प्रतिष्ठित रचना घेतली आणि तिला खाली उतरवलं. 'घाशीराम कोतवाल' आठवा. पहिला प्रयोग डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत. ब्राह्मणांची ती माणसांची भिंत गाते, डोलते, दुभंगते. देवाचं नाव आणि बावनखणीची लावणी एकाच श्वासात येतात, आणि त्या शेजारामुळेच प्रेक्षक अस्वस्थ होतो. संगीत इथे प्रसंगाची सजावट करत नाही, आरोप करतं. चंदावरकर हे रविशंकरांचे शिष्य. जॉर्ज हॅरिसन सतार शिकायला ज्यांच्याकडे गेला, तेच गुरू. एका शिष्याने सतार लंडनच्या स्टुडिओत नेली, तर दुसऱ्याने पुण्यात ती बाजूला ठेवून कीर्तन आणि लावणी एकमेकांवर आदळवली. यातलं अधिक धाडसी काम कुठलं, ते तुम्हीच ठरवा. आमचं मत लपलेलं नाही.

तिकडे कोरेगाव पार्कात काय चाललं होतं? गेऑर्ग डॉयटर हा जर्मन संगीतकार. 'डी' ही १९७१ची आणि 'आउम' ही १९७२ची, या दोन तबकड्यांनी तो जर्मन सायकेडेलिक लाटेत ओळखला गेला. पुढे तो आश्रमात राहिला आणि तिथल्या ध्यानपद्धतींसाठी त्याने संगीत केलं. म्हणजे बघा, एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात, एक जर्मन माणूस गिटारचा गोंगाट मागे टाकून भक्तीकडे निघाला होता, आणि पेठांतली तरुण मंडळी भक्तीच्या साच्याचे कपडे उतरवत होती. दोघांनाही आपापल्या वारशातून सुटका हवी होती. दोघांचे रस्ते एकमेकांना छेदून गेले, पण मिसळले नाहीत.

मिसळले ते एका माणसात. नंदू भेंडे. वडील आत्माराम भेंडे, म्हणजे मराठी रंगभूमी घरातच. आणि स्वतः मुंबईच्या रॉक बँडांत गाणारा. 'सुपरस्टार'च्या मूळ ध्वनिमुद्रिकेत जीझस गाणारा इयन गिलन हा डीप पर्पलचा गायक. त्या जातीच्या गाण्यात नंदू भेंडे तयार झाले होते. १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, तेव्हा जब्बार पटेलांनी अंकुश या गुंडाच्या भूमिकेसाठी त्यांना घेतलं. संगीत तिघांचं: चंदावरकर, मोडक आणि भेंडे. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक एका नाटकात आले, आणि रॉकवर पोसलेला गळा पुण्याच्या नाटकात मराठी शब्द गायला लागला.

आता टीका. कौतुकावर थांबलो तर तुम्ही इथे आल्याचा उपयोग नाही.

पहिली गोष्ट. 'तमाशा'त शैली शेजारी-शेजारी आहेत, एकमेकींत शिरत नाहीत. ढोबळमानाने ज्याची त्याची शैली ज्याला त्याला वाटून दिली आहे. ब्रेख्तला हे चालतं, किंबहुना त्याला हेच हवं असतं. शिवण दिसली पाहिजे. पण त्यामुळे झालं काय, की रॉक हा अंकुशचा पोशाख झाला. तो गुंडाचा, बाहेरच्याचा, रुबाबदार परक्याचा आवाज ठरला. हिंदी सिनेमाने क्लबमधल्या गाण्याला जी जागा दिली होती, तिच्यापासून ही जागा फार लांब नाही. मराठी तरुणाचं साधं, रोजचं मन रॉकमध्ये बोलतंय, असं त्या नाटकाला म्हणायचं नव्हतं. आणि पुढेही कुणी ते ठासून म्हटलं नाही.

दुसरी गोष्ट. नाटकातलं संगीत प्रयोगाबरोबर जगतं. बँडची तबकडी काही दशकांनी कुणीतरी शोधून काढतो, अॅटॉमिक फॉरेस्टचं झालं तसं. नाटकाचा संच पांगला की त्याचा नाद आठवणीत जातो, आणि आठवण गिटार शिकणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात देता येत नाही. त्याला ऐकून वाजवायला काहीतरी लागतं. परंपरा अशीच तयार होते, वाजवून वाजवून. नंदू भेंडे २०१४च्या एप्रिलमध्ये गेले, आनंद मोडक त्याच वर्षी मे महिन्यात. चंदावरकर २००९ मध्येच गेले होते. त्या तिघांनी जे दार किलकिलं केलं होतं, त्यातून आत जाणारा मराठी बँड त्या काळात उभा राहिला नाही.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो: "हे सगळं रॉक कसं? ओढूनताणून संबंध जोडताय." शंका चांगली आहे. 'घाशीराम' रॉक आहे असं आम्ही म्हणत नाही. विजेचा नाद, ड्रमचा घाव, अंगावर येणारा आवाज, यांतलं काही तिथे नाही, आणि त्याशिवाय रॉक होत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की प्रोग्रेसिव्ह रॉकची महत्त्वाकांक्षा आणि त्याचा आवाज या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या घरांत वाढल्या. महत्त्वाकांक्षा मराठी नाटकात वाढली, आवाज इंग्रजी गाणाऱ्या बँडमध्ये. दोघांचं लग्न एकदाच ठरलं, १९७८ मध्ये, आणि संसार काही झाला नाही.

आणि आज? एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यातूनच सुरू झाला. २०१६ मध्ये त्याच महोत्सवात स्टीव्हन विल्सन पुण्यात वाजवून गेला. आजच्या प्रोग्रेसिव्हमधलं हे पहिल्या रांगेतलं नाव. म्हणजे कान तयार आहेत. भाषेचा संकोचही गेलाय. अभंग रिपोस्टसारखे बँड गिटार-ड्रमवर अभंग गातात आणि तरुण पोरं ते तोंडपाठ म्हणतात. याचा आनंद आहेच. पण इथेही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. अभंगाखाली ड्रम घातला की आवाज नवा होतो, रचना नवी होत नाही. चाल तीच, भाव तोच, टाळाच्या जागी झांजपट्टी. कीर्तनातून उचलायचं असेल तर नुसतं पद उचलू नका, त्याचा सांगाडा उचला: पूर्वरंग-उत्तररंगाची बांधणी, बोलण्यातून गाण्यात सरकणं, मध्येच लय मोडून श्रोत्याला प्रश्न विचारणं. आणि आळेकरांनी दाखवलेली हिंमतही उचला. ज्या परंपरेवर आपण उभे आहोत, तिलाच वाकडा प्रश्न विचारायची हिंमत. तिच्याशिवाय प्रोग्रेसिव्ह हा शब्द नुसता शिक्का राहील.

जाता जाता एक काम देतो. या आठवड्यात एक अख्खं नारदीय कीर्तन ऐका, नमनापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता. मग लगेच 'क्लोज टू द एज'ची पहिली बाजू ऐका. कुठे साम्य वाटलं आणि कुठे अजिबात वाटलं नाही, दोन्ही लिहून ठेवा. त्यात वाजवणारं कुणी असेल, तर साम्यापेक्षा फरकाकडे जास्त लक्ष द्या. मराठीत अजून करायचं राहिलेलं काम त्या फरकातच आहे.

आता उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ.