३९२ तुकडे आणि काचेचं कपाट



आजचा विषय पत्रिकेवर वाचून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, "खेळण्यावर व्याख्यान?" हो, खेळण्यावरच. आपण नाटकाचं परीक्षण करतो, कादंबरीचं करतो, मिसळीचं तर दर रविवारी करतो. (हशा) पण मूल ज्या वस्तूशी तासन्‌तास झटतं, तिच्याबद्दल आपले प्रश्न दोनच : केवढ्याला, आणि कितव्या वर्षापासून? त्यापलीकडे जाऊन एका खेळण्याकडे नीट बघावं, एवढाच आजचा बेत आहे.

खेळणं आहे लेगोचा बॅटमोबिलचा सेट. क्रमांक ७६१८१. २०२१ साली आला. ३९२ तुकडे, बोटाएवढे दोन बाहुले, एक बॅटमॅन आणि एक पेंग्विन, आणि खोक्यावर वय लिहिलंय आठ वर्षं व पुढे. गाडी काळीकुट्ट, पुढे लांब बॉनेट, मागे उघडं इंजिन आणि त्यातून निघणारी ज्वाळा. आमच्या इमारतीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला हा सेट वाढदिवसाला मिळाला. तिनं तो जोडला तेव्हा आम्ही शेजारी बसून होतो आणि पुढचे दोन महिने लक्ष ठेवून होतो. खेळण्याचं परीक्षण पहिल्या संध्याकाळी लिहू नये, हे आम्हाला या दोन महिन्यांत कळलं.

आधी चांगलं ते सांगतो. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या एका सुताराची कंपनी. १९३२ साली त्यानं लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आज आपण ओळखतो तो ठोकळा, म्हणजे वर गोल गुंड्या आणि आत पोकळ नळ्या असलेला, त्याचं पेटंट जानेवारी १९५८चं. त्या नळ्यांमुळे ठोकळे एकमेकांना घट्ट धरतात आणि तरी मुलाच्या बोटांनी सुटतात. ऐकायला सोपं वाटतं. पण सातपूर-अंबडच्या मोल्डिंगच्या शॉपमध्ये ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. साचा मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांपर्यंत अचूक असल्याशिवाय हे जमत नाही. १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आठ गुंड्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घेतले तर ते एक्क्याण्णव कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात, असं गणित मांडलेलं आहे. हा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

गाडी जोडण्याचा क्रमही चांगला आहे. आधी खालचा सांगाडा, मग बाजू, मग बॉनेट नि छप्पर. गाडीचं अंग सांगाड्यावर बसतं, हे मुलीला कुणी शिकवावं लागलं नाही, हातांना कळलं. त्रास झाला तो रंगाचा. काळ्या तुकड्यांच्या ढिगातून काळा तुकडा शोधायचा आणि पुस्तिकेतल्या काळ्या चित्रावर तो कुठे बसतो ते पाहायचं. ट्यूबलाइटखाली तिचे डोळे दुखले. आमचे तर दुखलेच.

आता तक्रारी. पहिली तक्रार गोष्टीची. ही गाडी २०२२ साली आलेल्या 'द बॅटमॅन' या सिनेमातली. सेट सिनेमाच्या आधीच बाजारात आला. अमेरिकेत त्या सिनेमाला तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांसाठी इशारा देणारं प्रमाणपत्र होतं, आणि खेळण्यावर वय आठ. म्हणजे ज्या मुलांसाठी गाडी केली, त्यांना तिची गोष्ट बघायला पाच वर्षं थांबायचं आहे. आमच्या मुलीनं सिनेमा पाहिलेला नाही. पेंग्विन कोण, बॅटमॅन त्याच्या मागे का लागलाय, तिला माहीत नाही. तिनं विचारलं, "यानं काय केलं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. खोक्यावरही नव्हतं.

दुसरी तक्रार गाडीची. ही गाडी वळत नाही. पुढची चाकं सरळ आसावर बसवलेली आहेत. याच सिनेमातल्या गाडीचा लेगोचाच एक मोठा टेक्निक सेट आहे, १,३६० तुकड्यांचा. त्यात स्टीअरिंग चालतं, मागे डिफरन्शियल आहे, इंजिनात पिस्टन वरखाली होतात. आठ वर्षांच्या मुलासाठी ते सगळं द्यावं असं आम्ही म्हणत नाही. पण पाठलागाची गाडी आणि तिला वळता येत नाही? पंचवटीच्या एका बोळातूनसुद्धा ती बाहेर निघायची नाही. (हशा)

तिसरी तक्रार जरा मोठी आहे. मुलीचे वडील अंबडला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लाइनवर आहेत. कामावरून आले, हातपाय धुतले, पुस्तिका चाळली आणि म्हणाले, "हे तर आमच्यासारखंच आहे. हा पार्ट घ्या, इथं लावा, पुढच्या स्टेशनला द्या." आम्ही खेळण्यांबद्दल बरंच वाचलेलं आहे, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. हे शहर गाड्या जोडणारं शहर आहे. बोलेरो इथं जुळते, २००२ साली स्कॉर्पिओ इथूनच बाहेर पडली. जोडणीच्या कामाला आपण कमी लेखत नाही, कित्येक घरं त्यावर चालतात. पण लाइनवरच्या माणसाला स्वतःला माहीत असतं की जोडणं वेगळं आणि रचणं वेगळं. ३९२ तुकड्यांच्या या सेटमध्ये पहिल्या संध्याकाळी मूल जोडतं. कोट्यवधी शक्यतांपैकी एक निवडून, क्रम लावून, छापून त्याच्या हातात दिलेली असते.

मग पुढे रचणं सुरू का होत नाही? इथं नायक आडवा येतो. बॅटमॅन १९३९चा, गाडीही जवळपास तितकीच जुनी. २०१५ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयानं निकाल दिला की बॅटमोबिल ही नुसती गाडी नाही, ते कॉपीराइट असलेलं पात्र आहे, कारण रूप बदललं तरी तिची ओळख कायम राहते. तो वाद प्रतिकृती बनवून विकण्याचा होता, मुलांच्या खेळाचा नव्हता. पण त्या निकालातलं निरीक्षण आपल्या दिवाणखान्यालाही लागू पडतं. साधी लाल गाडी मोडून कुणी बैलगाडी केली तर घरात कुणाला काही वाटत नाही. बॅटमोबिल मोडली की मोठ्यांच्या तोंडून "अरेरे" निघतं. तुकडे तेच. पण पात्र मोडल्यासारखं वाटतं.

आणि इथं आम्ही आमचीच चूक कबूल करतो. गाडी झाल्यावर आम्हीच म्हणालो, "किती छान! शोकेसमध्ये ठेवूया." काचेचं कपाट, आत गणपती, कुणाची तरी ट्रॉफी, आणि मध्ये बॅटमोबिल. पाहुण्यांना दाखवायची. हात लावायचा नाही. यामागे किंमत असतेच. परदेशी खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ साली ७०. काही हजारांची वस्तू एकदा घरात आली की ती खेळणं राहत नाही, दागिना होते. दागिन्याशी कोण खेळू देतं?

आपल्याकडे नायकाचा आणि बांधकामाचा खेळ नाही का? आहे की! दिवाळीतला किल्ला. शिवाजी महाराज आणि मावळे आपणही दुकानातूनच आणतो, घरी घडवत नाही. तेव्हा "त्यांचं विकतचं, आपलं मनातलं" असा सोपा अभिमान नको. फरक दुसरीकडे आहे. किल्ल्यात पुतळे तयार मिळतात, पण डोंगर तयार मिळत नाही. माती, विटा, पोतं, अळीव किंवा मोहरी पेरून केलेली हिरवळ, आणि दरवाजा कुठल्या बाजूला करायचा यावरून झालेली भांडणं. महाराज शेवटी येऊन बसतात. बॅटमोबिलमध्ये नायक आधी आणि त्याच्या मापाची गाडी मागून. शिवाय किल्ला दिवाळीनंतर मोडतो. तो मोडणार हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून पुढच्या वर्षी वेगळा होतो. काचेच्या कपाटात कुणी किल्ला ठेवलेला आम्ही पाहिला नाही.

आणखी एक नाव घ्यायलाच हवं, अरविंद गुप्ता. पुण्यात टेल्कोमध्ये, म्हणजे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात, काम केलेला हा इंजिनिअर. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या घेऊन त्यांनी मुलांना त्रिकोण, घन, घरं करायला शिकवलं. सांधा रबराचा आणि काडी लाकडाची, खर्च जवळजवळ शून्य. सांगायचा मुद्दा असा, की लेगोची खरी ताकदही सांध्यातच आहे. बॅटमॅनचं चित्र खोक्यावर आहे, सांधा आत आहे.

आता पुढे काय झालं ते सांगतो. दसऱ्याच्या साफसफाईत कपाट पुसताना गाडी खाली पडली. बॉनेट एकीकडे, इंजिन सोफ्याखाली. आम्ही हळहळलो, पुस्तिका शोधायला लागलो. पुस्तिका सापडली तोवर मुलगी जमिनीवर बसून कामाला लागली होती. तिनं केली घंटागाडी. काळी घंटागाडी, मागे उघडा हौदा, पेंग्विन चालवतोय आणि बॅटमॅन मागच्या पायरीवर लटकलाय. सकाळी ती जे बघते तेच. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तिनंच दिलं होतं : "यानं ओला-सुका कचरा एकत्र टाकला, म्हणून याला आता गाडीवर कामाला लावलंय." (हशा, टाळ्या)

ही गाडी गल्लीत वळवायची तर दर वेळी उचलावी लागायची. दुसऱ्या दिवशी तिनं पुढचा आस काढला आणि तो एकाच गुंडीवर बसवला. दोन गुंड्यांवर बसवलेला तुकडा हलत नाही, एका गुंडीवर बसवलेला फिरतो. गाडी वळायला लागली. पाचव्या वळणाला आस निखळायचा, मग परत बसवायचा. वडिलांनी तो आस हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "लाइनवर हे कुणी करू देणार नाही." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि थोडं आणखी काहीतरी होतं, त्याचा अर्थ आम्ही इथं लावत बसत नाही.

तर आमचं मत. सेट चांगला आहे. गाडी म्हणून साधारण, गोष्ट म्हणून अपुरी, तुकड्यांचा ढीग म्हणून उत्तम. परवडत असेल तर घ्या. घेताना आयएसआय खूण बघा, १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. पुस्तिकेप्रमाणे एकदा जरूर जोडू द्या, त्यातही शिकणं आहे. पण पंधरा दिवसांनी पुस्तिका कपाटात ठेवा आणि गाडी बाहेर काढा, आपण नेमकं उलटं करतो. तुकडे एका डब्यात, घरातल्या बाकीच्या ठोकळ्यांत मिसळून टाका. एखादा हरवेल, हरवू द्या. आणि परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आगकाड्या आहेत, सायकलवाल्याकडे नळी आहे, आणि दिवाळीला माती कुठं महाग झालीय?

घंटागाडी सध्या आमच्याकडेच आहे, आज इथं टेबलावर ठेवायला तिनं दिलीय. नंतर पुढे येऊन बघा. हात लावला तरी चालेल, तिनं तसं मुद्दाम सांगितलंय. पुढचा आस मात्र जपून.

आता प्रश्न घेऊ.