कृपाबाईंची ‘कमला’

मराठी ख्रिस्ती कथालेखनाचा विषय निघाला की बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) प्रथम आठवते. आत्मकथन म्हटले की लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळक तर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. या दोहोंमधल्या काळातील कृपाबाई सत्यनाथन मात्र आपल्या गणतीतच नाहीत. कारण उघड आहे: त्यांनी इंग्रजीत लिहिले.

कृपाबाईंचा जन्म १८६२ साली अहमदनगरला झाला. हरिपंत व राधाबाई खिस्ती या ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या दांपत्याच्या चौदा अपत्यांपैकी त्या तेराव्या. (खिस्ती हे मूळचेच आडनाव, धर्मांतराशी त्याचा संबंध नाही.) वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी त्या मद्रासला गेल्या, प्रकृतीने साथ दिली नाही. पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाह, एकुलत्या अपत्याचा मृत्यू, क्षय, आणि १८९४ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी अंत. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी दोन कादंबऱ्या लिहिल्या.

१८८७-८८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘सगुणा’ ही बहुतांशी आत्मचरित्रच. तीत मला सर्वांत मोलाची वाटते ती आई राधा. पतीने अकस्मात धर्म बदलला. तिचे घर, देव, सोवळे सारेच हादरले. लेखिका स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती, तरीही आईच्या दुःखाला ती अज्ञान म्हणून निकालात काढत नाही. मिशनरी बायांचा वरचढपणाही ती झाकत नाही. उत्तरार्ध मात्र सैल झाला आहे.

‘कमला’ (१८९४) ही हिंदू घरातील कथा. पदमनजींची यमुना वैधव्यानंतर ख्रिस्ती होते, पुनर्विवाह करते. कृपाबाईंची कमलाही विधवा होते. पण ती धर्म बदलत नाही, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या रामचंद्राला नकार देऊन दीनदुबळ्यांच्या सेवेत आयुष्य वेचते. हा शेवट काहींना लेखिकेची माघार वाटेल. मला त्यात तिचे धैर्य दिसते. बाप्तिस्म्याने कथा सुखान्त करणे तिला सहज शक्य होते, तिच्या वाचकांना ते रुचलेही असते. पण त्या वळणावर कमला तिच्या स्वभावाला जागली नसती. पात्राच्या मनावर लेखकाने तरी बळजोरी का करावी?

खंत एकच आहे. सासू-नणंदांचे टोमणे व्हिक्टोरियन इंग्रजीत आले की बोथट होतात. वाचताना मी ते मनात मराठीत करून घेतो, आणि मग त्या बायका खऱ्या वाटू लागतात.