नकाशाबाहेरची राजधानी

मराठी प्रवासी लंडन-पॅरिसला जातो तो बहुधा आधीं वाचलेलें ताडून पाहावयास. इंग्रजी शिक्षणानें आंखून दिलेल्या नकाशाबाहेर त्याचें पाऊल क्वचितच पडतें. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाचें मोल म्हणूनच मोठें. मीना प्रभूंनीं 'ग्रीकांजली' व 'तुर्कनामा' लिहून बल्गेरियाचे दोन शेजारी मराठींत आणले. सोफियेकडे मात्र आमची लेखणी सहसा वळत नाहीं. १८७९ सालीं राजधानी झालेल्या या शहरांत रोमन अवशेष, चर्च, मशीद आणि ज्यूंचें प्रार्थनामंदिर हाकेच्या अंतरावर उभीं आहेत, आणि झऱ्याचें ऊन पाणी लोक भांडीं भरभरून घरीं नेतात. रामकुंडावरून तांब्या भरून नेणारांना हें दृश्य परकें वाटूं नये! तरीहि आयफेल मनोऱ्याचींच नवीं वर्णनें छापून येतात, आणि आम्ही परीक्षकहि त्यांच्या भाषेचें कौतुक करीत बसतों.