नाट्यप्रयोगाची निवड आणि प्रेक्षकाचा 'दर्जा' : एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, ग्रामदैवताची जत्रा, सार्वजनिक गणेशोत्सव अशा प्रसंगी कोणते नाटक आणावे, हा प्रश्न आयोजकांसमोर नेहमीच असतो. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ग्रामीण प्रेक्षकांस विनोदी, बालकांस बोधपर आणि नागर सुशिक्षितांस गंभीर नाटक. या विभागणीच्या मुळाशी प्रेक्षकाच्या आकलनशक्तीविषयीचा पूर्वग्रह आहे. निवडीचा निकष प्रेक्षकाचा 'दर्जा' हा नसून नाट्यरूपाशी असलेला त्याचा परिचय, त्याची स्मृती आणि प्रयोगाचा प्रसंग हा असावा, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

विवेचन :
विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. ते प्रायोगिक, म्हणून मोजक्या जाणकारांचे, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्याची घडण कीर्तन, दशावतार, खेळे, लावणी अशा लोकपरिचित रूपांतून झालेली आहे. दशावतार पाहत वाढलेल्या प्रेक्षकास त्यातील गणपतीचे आगमन परके वाटण्याचे कारण नाही. नाटकाला तीव्र विरोध झाला तो पुण्यातच, आणि तो नाना फडणवीसांच्या चित्रणामुळे. १९८० च्या युरोप दौऱ्यात मात्र ही ऐतिहासिक स्मृती नसलेल्या, मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही प्रयोग पोहोचला. अडसर आकलनाचा नव्हता, स्मृतीचा होता, हे यावरून स्पष्ट होते.

गंगाराम गवाणकर यांच्या 'वस्त्रहरण'चे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. मालवणी बोलीतील नाटक कोकणापुरतेच चालेल, असे वरकरणी वाटावे. परंतु मच्छिंद्र कांबळी यांच्या या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावच्या हौशी नाटकाची फजिती हा अनुभव मराठी प्रेक्षकास सर्वत्र ओळखीचा असल्याने बोलीची मर्यादा गौण ठरली.

बालप्रेक्षकांविषयीचा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या'मधील चेटकीण भीतीदायक आहे आणि मुलांना तीच हवीहवीशी वाटते. २०१८ मध्ये हे नाटक नव्या संचात आले, तेव्हाही बालकांनी व त्यांच्या पालकांनी ते उचलून धरले. मुलांना उपदेशापेक्षा भय आणि सुटका यांचा खेळ अधिक भावतो, हे मतकरींनी ओळखले होते.

याचा अर्थ कोणतेही नाटक कोठेही चालते, असा नव्हे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या हंगामात मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी मंडपात रात्रभर नाटके होतात. पाहुणेरावळे मुक्कामाला आलेले असतात. नाटक हा त्या भेटीगाठींचाच एक भाग असतो. तेथे दोन तासांचे दिवाणखानी नाटक अपुरे पडेल, ते प्रेक्षक अडाणी आहेत म्हणून नव्हे, तर त्या रात्रीची गरज निराळी आहे म्हणून. हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा असे गंभीर विषय हाच प्रेक्षक गाण्यांसह पहाटेपर्यंत पाहतो, ही बाब येथे लक्षणीय आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून आयोजकाने स्वतःस तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. या प्रेक्षकास कोणती नाट्यरूपे परिचित आहेत? या विषयाशी त्याची कोणती स्मृती निगडित आहे? तो कोणत्या प्रसंगी, किती वेळासाठी व कशा जागेत एकत्र येत आहे? 'त्यांना हे कळेल का?' हा प्रश्न या यादीत नाही.

हा मुद्दा केवळ सैद्धांतिक नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी व्यावसायिक वा प्रायोगिक नाटक प्रथमच पाहतात ते स्नेहसंमेलनात. 'आपल्या मुलांना एवढेच झेपेल' म्हणून त्यांच्यापुढे सवंग प्रहसन ठेवले, तर नाटक म्हणजे एवढेच, अशी त्यांची धारणा होते. पुढे नाट्यगृहे ओस पडल्याची खंत व्यक्त करताना या निवडीची जबाबदारी आपण नाकारू शकत नाही. प्रेक्षक घडविण्याचे काम नाटक निवडण्याच्या बैठकीतच सुरू होते.