जुन्या पुस्तकांचे दान : तीन आक्षेप

दिवाळीची साफसफाई आणि शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, की आपल्या बडोद्यात एक उपक्रम हमखास होतो. घरोघरची वापरलेली पुस्तके गोळा केली जातात, खोक्यांत भरली जातात आणि एखाद्या गरीब वस्तीतील शाळेला समारंभपूर्वक दिली जातात. या हेतूच्या चांगुलपणाविषयी आम्हांस शंका नाही. ज्या घरात छापील कागद म्हणून भिंतीवरचे कॅलेंडर तेवढे असते, तेथील मुलाच्या हाती गोष्टीचे पुस्तक पडावे, याहून चांगले ते काय? तथापि, सत्कार्याची चिकित्सा करू नये असा संकेत रूढ झाल्यामुळे या उपक्रमातील काही दोष वर्षानुवर्षे तसेच राहून गेले आहेत. त्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला आक्षेप निवडीविषयी. या खोक्यांत काय असते? बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके, दहावीची गाइडे, जुन्या स्पर्धापरीक्षांचे मार्गदर्शक, मुखपृष्ठ हरवलेल्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक. आठ-दहा वर्षांच्या मुलाने आनंदाने वाचावे असे त्यात फार थोडे. कारण उघड आहे. दाता कपाट उघडतो तो मुलाला काय हवे हे पाहण्यासाठी नव्हे, तर स्वतःला काय नको हे काढण्यासाठी. कठोपनिषदातील वाजश्रवसाने यज्ञात दिलेल्या गाई अशाच थकलेल्या, दूध आटलेल्या होत्या. आणि त्या दानातील उणीव ज्याच्या मनाला बोचली तो नचिकेता वयाने लहान मुलगाच होता. आपल्या खोक्यांतील गाईही बहुधा भाकड असतात. मुलांना ते कळते; ती बोलत नाहीत, इतकेच.

नाही मामापेक्षा काणा मामा बरा, असे यावर कोणी म्हणेल. कपड्यांच्या बाबतीत ते खरे असेल. जुना सदरा ढगळ असला तरी अंग झाकतो. न कळणारे पुस्तक मात्र 'वाचन हे आपले काम नव्हे' अशी समजूत मुलाच्या मनात रुजवून जाते. ती एकदा घट्ट बसली, की पुढे चांगले पुस्तक समोर आले तरी मूल हात पुढे करीत नाही. अशा दानाने लाभ होत नाही एवढेच नव्हे, तर हानी होते, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो आपणां बडोदेकर मराठी मंडळींना विशेष लागू पडतो. मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेली, घरात म्हातारी दोन माणसे आणि वाडवडिलांचा ग्रंथसंग्रह. मग एके दिवशी 'श्यामची आई', 'गोट्या', 'फास्टर फेणे' यांच्या जीर्ण प्रती जड अंतःकरणाने बाहेर निघतात. पुस्तके उत्तम, यात वाद नाही. परंतु बांधकामाच्या जागी राहणारी कितीतरी मुले दाहोद-छोटाउदेपूरकडून आलेली असतात. ती घरी भिली किंवा राठवी बोलतात आणि शाळेत गुजराती शिकतात. त्यांना साने गुरुजींचे मराठी कोठून उमजावे? आपल्या वारशाला कोठेतरी आसरा मिळावा ही इच्छा रास्त आहे. पण ती आपली गरज आहे, त्या मुलांची नव्हे. मराठी पुस्तके मराठी वाचणाऱ्या मुलांकडेच जावीत. या मुलांसाठी गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांच्या सोप्या गुजराती गोष्टी आहेत. खोकेभर निरुपयोगी पुस्तके रद्दीत घालून आलेल्या पैशांत अशी दोनच नवी पुस्तके घेतली, तरी ते दान अधिक मोलाचे ठरेल.

तिसरा आक्षेप पुस्तके दिल्यानंतरच्या व्यवस्थेविषयी. सरकारी दप्तरात आयुष्य गेल्यामुळे हे आम्हांस ठाऊक आहे, की एखादी वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढली, की ती वापरण्यापेक्षा सांभाळण्याकडेच कल होतो. प्रत हरवली तर जाब शिक्षकाला द्यावा लागतो; म्हणून कपाटाला कुलूप लागते. शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. त्यापेक्षा दात्यांनीच 'पुस्तके फाटली वा हरवली तरी हिशेब मागणार नाही' असे लिहून द्यावे आणि शाळेने जीर्ण प्रती बाद करण्याची सुटसुटीत रीत ठेवावी. वाचून फाटलेले पुस्तक हा तोटा नव्हे. तो सत्कारणी लागलेला खर्च होय.

हे सारे अव्यवहार्य आहे असे म्हणण्याची सोय निदान बडोद्यात तरी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि शिकलेले लोक पुन्हा निरक्षर होऊ नयेत म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खाते उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया महाराजांच्या राजवाड्यातील खासगी संग्रहाने घातला गेला. म्हणजे त्यांनीही वापरलेली पुस्तकेच दिली होती! परंतु ती देऊन ते थांबले नाहीत. ग्रंथांचे वर्गीकरण झाले, मुलांसाठी निराळा विभाग निघाला, फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेड्यांत जाऊ लागल्या आणि गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी वर्गणी जमवली तर सरकारही आपला वाटा घालू लागले. त्यांच्या लेखी ग्रंथ देणे ही कामाची सुरुवात होती. आपल्या समारंभात मात्र छायाचित्र निघाले, की काम संपते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पुस्तक हा त्या मुलाचा हक्क आहे, आपली कृपा नव्हे. आपल्या खोक्यांमुळे शासनाला ही जबाबदारी टाळण्यास निमित्त मिळू नये.

जुनी पुस्तके देऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. स्वतःच्या नातवंडाला आपण जे पुस्तक हौसेने देऊ, तेवढेच दुसऱ्याच्या मुलाला द्यावे. त्याची भाषा आधी विचारावी, आणि महिन्याभराने एकदा शाळेत जाऊन कपाट उघडे आहे की बंद, हे पाहून यावे. पुढील संकलनापूर्वी आपल्या सभासदांनी एवढे मनावर घेतले, तर खोकी कमी भरतील. त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही.