मार्ग-एकत्रीकरण : अंकगणित की आश्वासन? आरएफसी ४६३२ची एक समीक्षा

संगणकीय जाळ्यांच्या अभ्यासक्रमात मार्ग-एकत्रीकरण, अर्थात रूट ॲग्रिगेशन, हा विषय बहुधा अंकगणिताचा एक स्वाध्याय म्हणून शिकविला जातो. १७२.१६.४.० ते १७२.१६.७.० अशी प्रत्येकी २५६ पत्त्यांची चार सलग जाळी असतील, तर त्यांचे पहिले २२ बिट समान असतात. म्हणून चार नोंदींऐवजी १७२.१६.४.०/२२ ही एकच नोंद बाहेरच्या राउटरला सांगितली तरी पुरते. विद्यार्थी हे गणित सोडवितो, गुण मिळवितो आणि विषय संपला असे मानतो. ही समजूत अपुरी आहे आणि तिचा उगम काही अंशी मूळ दस्तऐवजाच्या मांडणीतच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या दृष्टीने ऑगस्ट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४६३२ या दस्तऐवजाचा येथे विचार करावयाचा आहे.

व्हिन्स फुलर व टोनी ली यांनी लिहिलेला हा दस्तऐवज सप्टेंबर १९९३च्या आरएफसी १५१९ची सुधारित आवृत्ती होय. मूळ दस्तऐवजाच्या लेखकांत या दोघांसह जेसिका यू व कन्नन वरदन यांचाही समावेश होता. त्या काळी इंटरनेटचे पत्ते ए, बी, सी या वर्गांत वाटले जात. सी वर्गातील २५६ पत्ते मध्यम आकाराच्या संस्थेला अपुरे पडत, तर बी वर्गातील ६५,५३६ पत्ते अनेकपट जास्त होत. बी वर्गातील जाळी मुळातच १६,३८४. ती वेगाने संपू लागली. सी वर्गातील अनेक जाळी एकेका संस्थेला द्यावीत, तर प्रत्येकाची स्वतंत्र नोंद जगातील प्रत्येक मोठ्या राउटरच्या तक्त्यात करावी लागे. वर्ग मोडीत काढून पत्त्याची विभागणी कोणत्याही बिटावर करण्याची मुभा देणे आणि सलग पत्ते एका नोंदीत बांधणे, हा त्यावरील उपाय होता. तो यशस्वी झाला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. २००६च्या आवृत्तीची भाषा नेटकी आहे, उदाहरणे क्रमाने वाढत जातात, आणि स्वतःच्या इतिहासाचा हिशेब देण्याचा प्रामाणिकपणाही तिच्यात आहे.

परंतु एकत्रीकरण म्हणजे नेमके काय घडते? याचे उत्तर मिळविण्यासाठी आपल्या भूमीतील एक जुनी व्यवस्था पाहणे उपयुक्त ठरेल. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय संचार मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दर्शवितो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा, तर शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे टपाल कार्यालय. इंटरनेटच्या परिभाषेत बोलायचे तर हे प्रीफिक्सच होत. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील पोशीर या गावी दूरच्या राज्यातून पत्र पाठविले, तर पहिल्या टप्प्यावर केवळ ४ हा अंक वाचावा लागतो. पोशीर कोठे आहे हे तेथील वर्गीकरणाऱ्यास ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. हे अज्ञान म्हणजे व्यवस्थेचा दोष नसून तेच तिचे बळ आहे.

येथे कर्जत-खालापूरचे उदाहरण विशेष बोलके आहे. नेरळ ४१०१०१, कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३ हे क्रमांक पाहावेत आणि त्यांच्याशेजारी जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अलिबागचा ४०२२०१ हा क्रमांक ठेवावा. एकाच जिल्ह्यातील हे तालुके दुसऱ्या अंकालाच एकमेकांपासून वेगळे होतात. उलट घाटापलीकडच्या, पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याचा क्रमांक ४१०४०१ आहे. म्हणजे कर्जतचे नाते अलिबागपेक्षा लोणावळ्याशी जवळचे ठरते. उत्तरेस बदलापूर, मुरबाडकडे वळताच ४२१ सुरू होतो. महसुली नकाशा हाती घेणाऱ्यास हा गोंधळ वाटेल. पण कर्जत हे बोरघाटाच्या पायथ्याचे रेल्वे स्थानक आहे आणि लोहमार्ग कर्जतहून लोणावळ्यास जातो, अलिबागेस नव्हे, हे लक्षात घेतले की अंकांची संगती लागते. पत्त्याने वाहतुकीच्या वाटेमागे जावे, शासनाच्या सीमेमागे नव्हे. याकोव्ह रेख्टर यांच्या नावाने जाळ्यांच्या अभ्यासकांत जे सूत्र प्रसिद्ध आहे त्याचा आशयही असाच : पत्ते रचनेमागे जातील किंवा रचना पत्त्यांमागे जाईल, दोहोंपैकी एक निवडावे लागते. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तरी पालघरचा ४०१४०४ हा क्रमांक बदलण्याची गरज पडली नाही.

अपवाद कसा हाताळावा, हेही या व्यवस्थेतून दिसते. ४० ते ४४ हे आरंभ महाराष्ट्राचे, पण मध्येच ४०३ हा गोव्याचा. दोन अंकांवर थांबणारा चुकेल. तीन अंक वाचणारा चुकणार नाही. आरएफसी ४६३२मधील सर्वाधिक जुळणीचा नियम हाच होय : ज्या नोंदीचे अधिक अंक जुळतात ती ग्राह्य. नियम साधा आहे, पण तो बेसावध विश्वासावर उभा आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या २०८.६५.१५२.०/२२ या एकत्रित नोंदीच्या पोटातील २०८.६५.१५३.०/२४ ही नोंद घोषित केली. ती अधिक नेमकी असल्याने जगभरातील राउटरांनी तिलाच मान दिला आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेकांना दिसेनासे झाले.

पिनकोड आणि इंटरनेट यांतील खरा भेद मात्र येथून पुढे सुरू होतो. ४१० या अंकांच्या पोटातील सर्व गावांना पत्र पोहोचविण्याचे आश्वासन टपाल खाते देते, आणि ते खाते एकच आहे. इंटरनेटला असा एकच धनी नाही. आशिया-पॅसिफिकसाठी २०२ व २०३ हे आरंभ १९९०च्या दशकात राखून ठेवले गेले. पण त्या संपूर्ण प्रदेशाची हमी घेणारे एकही जाळे नसल्याने २०२ अशी एक नोंद करून कोणीही मोकळे होऊ शकले नाही. एकत्रित नोंद म्हणजे, ‘या पत्त्यांपैकी काहीही माझ्याकडे द्या, पुढचे मी पाहतो’ असे जाहीर आश्वासन. अंक जुळले म्हणून आश्वासन देणारा आपोआप निर्माण होत नाही. आरएफसी ४६३२ बिटांविषयी सविस्तर बोलतो, आश्वासनाविषयी त्रोटक.

त्रोटक म्हणण्याचे कारण असे. एकत्रित नोंद घोषित करणाऱ्या राउटरने, आतल्या कोणत्याही नोंदीशी न जुळणारे पॅकेट टाकून द्यावे, असा नियम दस्तऐवजात आहे. पॅकेटे दोन राउटरांत गोल फिरत राहू नयेत यासाठी तो आवश्यकच आहे. पण त्याचा अर्थ काय होतो? अतिवृष्टीत पोशीरचा रस्ता बंद पडला तर पत्र तालुक्यात येऊन थांबेल. पॅकेट थांबत नाही, नाहीसे होते, आणि आतले जाळे तुटल्याची वार्ता दूरच्या राउटरला मिळतही नाही, कारण ती मिळू नये यासाठीच तर एकत्रीकरण केलेले असते. हे मोल दस्तऐवजाने तांत्रिक नियम म्हणून नोंदविले आहे, मोल म्हणून नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. पत्ते सेवा पुरवठादाराच्या गटातून मिळावेत आणि पुरवठादार बदलल्यास पत्तेही बदलावेत, ही या योजनेची अट. पिनकोडमध्ये ती स्वाभाविक वाटते. घर बदलले की क्रमांक बदलतो. पण येथे घर बदलत नाही, फक्त टपाल्या बदलतो. शेकडो यंत्रांचे पत्ते बदलणे कष्टाचे व जोखमीचे आहे, आणि तो भार पुरवठादारावर नव्हे, ग्राहकावर पडतो. साहजिकच ज्यांना परवडते त्यांनी स्वतःचे स्वतंत्र पत्ते घेतले, दोन पुरवठादारांशी जोडणी केली, रहदारी वळविण्यासाठी आपलेच गट फोडून घोषित केले. २००१च्या सुमारास एक लाखाच्या घरात असलेला जागतिक तक्ता ऑगस्ट २०१४ मध्ये ५,१२,००० नोंदींपलीकडे गेला, तेव्हा जुन्या राउटरांची स्मृती अपुरी पडून ठिकठिकाणी सेवा कोलमडल्या. आज नोंदी नऊ लाखांच्या पुढे आहेत आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या मोठ्या गटांच्या पोटातील आहेत. नोंद करणारा एक. ती वाहणारे जगातील सर्व. हा व्यवहार दस्तऐवजाच्या चौकटीत येतच नाही.

या व्यवहारात लहान संस्था सर्वाधिक अडचणीत सापडते. /२४हून लहान गटाच्या नोंदी मोठी जाळी रूढीने स्वीकारीत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास तीस पत्ते पुरेसे असले, तरी पुरवठादार निवडण्याचे स्वातंत्र्य हवे असल्यास त्याने २५६ पत्ते घ्यावेत, त्यांचे वार्षिक शुल्क भरावे आणि बीजीपी जाणणारा मनुष्य नेमावा. ते न जमल्यास पुरवठादाराचे पत्ते घेऊन त्याच्याशी बांधून राहावे, अथवा १९९६च्या आरएफसी १९१८ने राखून ठेवलेल्या खासगी पत्त्यांआड सर्व यंत्रे लपवून स्वतःचा सर्व्हर जगापुढे ठेवण्याची सोय बव्हंशी सोडून द्यावी. बहुतेकांनी हा शेवटचा मार्ग पत्करला, आणि आरएफसी ४६३२मधील उदाहरणांत अशा ग्राहकाला स्थान मिळाले ते केवळ एका मोठ्या गटाच्या पोटातील लहान गट म्हणून.